परिचारिकांच्या कामाचा ताण आणि खेळकर डिजिटल रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील परिचारिका, इनचार्ज सिस्टर आणि अधिसेविका यांच्याशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. लिहिणारी स्वतः पंधरा वर्षे वॉर्डात अधिपरिचारिका होती आणि आता संगणकाचे काम जाणणाऱ्या दोन सहकाऱ्यांबरोबर रुग्णालयांसाठी लहान डिजिटल साधने तयार करते. त्यामुळे या उत्तरांत माहिती आहे तशी मतेही आहेत. ‘परिचारिका’ हा शब्द येथे ब्रदरांनाही धरून वापरला आहे.

खेळकर डिजिटल रचना म्हणजे नेमके काय?

पडदा, दिवा, आवाज किंवा मोबाइल यांच्या साहाय्याने रोजच्या कामातला एखादा क्षण थोडा हलका किंवा थोडा गमतीचा करणे, म्हणजे खेळकर रचना. तिच्यात पूर्ण खेळ असावाच लागतो असे नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेतले तर हे लवकर समजते. खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी गुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचे, उत्तर चुकले तर हसायचे, आणि कोणालाच ओळखता आले नाही तरी खाऊ सगळ्यांना मिळतोच. या खेळात कोणी हरत नाही, कोणी गुण लिहून ठेवत नाही, वेळ फार लागत नाही आणि खेळणाऱ्यांना एकमेकींशी बोलावेच लागते. रुग्णालयासाठी काही तयार करताना आम्ही याच चार गोष्टी तपासून पाहतो. त्यांतली एक जरी निसटली, तरी साधन महिन्याभरात धूळ खात पडते.

म्हणजे परिचारिकांनी ड्यूटीवर मोबाइलवर गेम खेळायचे का?

नाही. रुग्णाजवळ मोबाइल हातात घेणे संसर्गाच्या दृष्टीनेही योग्य नाही आणि नातेवाइकांच्या नजरेतही ते बसत नाही. येथे ज्या रचनांचा विचार केला आहे, त्या हात धुण्याच्या जागी, चहाच्या खोलीत किंवा नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर असतात. मोबाइल वापरायचाच असेल, तर तो विश्रांतीच्या वेळेत आणि वॉर्डाबाहेर.

परिचारिकांना ताण येतो तो नेमका कशामुळे?

कामाचा बोजा हे सर्वांत सोपे उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. रॉबर्ट कॅरासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. कामाची मागणी मोठी असते म्हणूनच केवळ माणूस पिचत नाही. मागणी मोठी आणि त्या कामावर स्वतःचा ताबा मात्र थोडा, अशी स्थिती असते तेव्हा तो पिचतो. परिचारिकेच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. औषधाची वेळ डॉक्टरांच्या आदेशाने ठरते, पाळी ड्यूटीच्या तक्त्याने ठरते, भेटीच्या वेळा कागदावर ठरतात आणि प्रत्यक्षात नातेवाईक ठरवतात. पण सलाईन संपल्यावर हाक मात्र सिस्टरलाच ऐकू यायची असते.

ज्या स्थितीला बर्नआउट म्हणतात तिची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दिली आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि न हाताळल्या गेलेल्या ताणातून निर्माण होणारी, कामाशी निगडित अशी ती अवस्था मानली आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपण काही नीट करू शकतो हा विश्वास कमी होणे. यातले दुसरे लक्षण वॉर्डात लगेच ओळखू येते. जी सिस्टर पूर्वी ‘काकू, आज बरे वाटते का?’ असे विचारायची, ती ‘सात नंबरची बाई’ असे बोलू लागते. तिचा स्वभाव बदललेला नसतो. बहुतेक वेळा ती थकलेली असते.

खानदेशाची म्हणून काही खास कारणेही आहेत. मे महिन्यात तापमान पंचेचाळीस अंशांकडे सरकते, वीज गेली की वॉर्डाची भट्टी होते आणि उन्हाच्या झळेने आलेल्या रुग्णांची भर पडते. सातपुड्याच्या कुशीतून आलेल्या कुटुंबाशी पावरी किंवा भिली येत नसताना बोलायचे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनेने कळवळणाऱ्या मुलाच्या आईला हातवाऱ्यांनी धीर द्यायचा, हे काम कोणत्याही नोंदवहीत येत नाही. एका रुग्णामागे दहा नातेवाईक असतात आणि त्यांतला प्रत्येकजण स्वतंत्रपणे ‘पेशंट कसा आहे?’ असे विचारतो. विचारण्यामागे माया असते हे मान्य आहे. उत्तर देणारी मात्र एकच असते.

परिचारिकांच्या जागाच रिकाम्या असताना हे सगळे म्हणजे वरवरची मलमपट्टी नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, बहुतेकदा रागाने, आणि तो राग रास्त आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीत एकटीने चाळीस खाटा सांभाळलेल्या व्यक्तीला हे आकडे वाचून हसू येते. चाळीस खाटांमागे एकच सिस्टर असेल, तर भिंतीवर कितीही सुंदर पडदा लावला तरी तिचा ताण कमी होणार नाही आणि तसा दावा कोणी करूही नये. एखाद्या व्यवस्थापनाने भरती पुढे ढकलून त्याऐवजी ‘ताणमुक्ती ॲप’ आणले, तर परिचारिकांनी ते नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही स्वतः अशी दोन कामे नाकारली आहेत. १२ मे रोजी परिचारिका दिनाला भर उन्हात हातात गुलाब द्यायचा आणि १३ तारखेला सुट्टीचा अर्ज परत पाठवायचा, त्याच जातीचा हा प्रकार होतो.

मग हे काम करायचेच कशाला? कारण पुरेशी माणसे असलेल्या वॉर्डातही ताण असतो, आणि त्यातला काही भाग वाईट रचनेमुळेच निर्माण झालेला असतो. एकाच रुग्णाचे नाव पाच रजिस्टरांत लिहावे लागणे, तीन वेगवेगळ्या मॉनिटरांचा आवाज एकसारखाच असणे, चहाच्या खोलीत फक्त सूचनांचे कागद चिकटवलेले असणे, ही सगळी रचनाच आहे. फक्त ती कोणी विचारपूर्वक केलेली नाही. म्हणून आमचा क्रम असा असतो : आधी त्रास देणारी रचना काढायची, नंतर आराम देणारी आणायची, आणि गमतीची अगदी शेवटी.

पहिल्या पायरीचा परिणाम किती मोठा असू शकतो याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील बोस्टन मेडिकल सेंटरचे आहे. तेथे हृदयाच्या मॉनिटरांच्या धोक्याच्या सूचनांची मूळ मांडणी बदलण्यात आली. नुसत्याच वाजणाऱ्या आणि कोणी काही करावे लागत नाही अशा सूचना बंद केल्या, आणि ज्या गंभीर होत्या त्यांचा दर्जा वाढवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार ऐकू येणाऱ्या सूचना ८९ टक्क्यांनी कमी झाल्या. यात खेळकर असे काहीच नाही, तरीही आम्ही प्रत्येक रुग्णालयात हीच गोष्ट सर्वांत आधी सांगतो.

याला काही शास्त्रीय आधार आहे का?

आहे, पण तो जाहिरातीत सांगतात तितका भक्कम नाही.

कामातल्या छोट्या विरामांविषयीचा आधार बऱ्यापैकी चांगला आहे. दहा मिनिटांपर्यंतच्या विरामांवरील २२ नमुन्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा विरामांनी थकवा कमी होतो आणि उत्साह वाढतो असे त्यात दिसले. कामगिरीत मात्र एकंदरीने लक्षणीय सुधारणा दिसली नाही. व्यवस्थापनाला हे उत्तरार्धासकट सांगावे, कारण ‘विराम दिला की काम वाढेल’ असे सांगून परवानगी मिळवली, तर पुढच्या महिन्यात वाढलेले काम दाखवावे लागते.

दुसरा आधार थोडा अनपेक्षित आहे. वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा टेट्रिस हा जुना खेळ मनातल्या चित्रांची जागा व्यापतो, या कल्पनेवर ऑक्सफर्डमध्ये २००९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध झाला. धक्कादायक चित्रफीत पाहिल्यानंतर हा खेळ खेळणाऱ्यांना त्यातली दृश्ये नंतर कमी वेळा आठवली. पुढे २०१७ मध्ये तेथीलच तातडीच्या विभागात वाहन अपघातातून आलेल्या ७१ जणांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघातानंतर सहा तासांच्या आत, त्या घटनेची आठवण करून देऊन मग हा खेळ खेळायला दिला, तेव्हा पहिल्या आठवड्यात नकळत डोळ्यांसमोर येणारी दृश्ये कमी झाली. अपघात विभागातल्या सिस्टरला वाईट मृत्यू पाहिल्यानंतर घरी गेल्यावरही तेच दृश्य दिसत राहते, हे आपल्याला माहीत आहे; म्हणून हे संशोधन आपल्या जवळचे आहे. मात्र तो ठरवून दिलेल्या क्रमाने करायचा उपचार होता, नुसता विरंगुळा नव्हता, हे लक्षात ठेवावे.

खास परिचारिकांसाठी केलेल्या ॲप आणि खेळांचे बरेचसे अभ्यास थोड्या लोकांवर आणि थोड्या आठवड्यांसाठी झालेले असतात. नवे काही आले की पहिले पंधरा दिवस सर्वांनाच आवडते.

प्रत्यक्षात असे साधन कसे दिसते?

आम्ही केलेले एक साधन सविस्तर सांगणे उपयोगी ठरेल, कारण त्यातल्या चुकाही सांगता येतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार साबण-पाण्याने हात धुण्याच्या पूर्ण कृतीला ४० ते ६० सेकंद लागतात आणि जंतुनाशक द्रव चोळण्यास २० ते ३० सेकंद. परिचारिकेच्या पाळीत हात धुण्याचे क्षण असंख्य असतात, आणि ते असे थोडेच क्षण आहेत की जेव्हा तिच्याकडून दुसरे काही मागता येत नाही. त्याच वेळी, चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर अशा मिनिटाला सुमारे सहा श्वासांच्या लयीने शरीर शांत होते, हेही माहीत आहे. दोन्हींचे गणित जुळते : चार श्वास म्हणजे ४० सेकंद.

म्हणून जळगाव जिल्ह्यातील एका रुग्णालयात आम्ही बेसिनच्या वर एक हातभर उंचीची दिव्यांची पट्टी आणि छोटा पडदा लावला. पडद्यावर केळीचे झाड असते. हात पुढे केला की त्याचा पोंगा, म्हणजे गुंडाळलेले कोवळे पान, हळूहळू उलगडू लागते. उलगडताना श्वास आत घ्यायचा, पान वाऱ्याने खाली झुकते तेव्हा सोडायचा. चार वेळा असे झाले की पान पूर्ण उघडते. बस, एवढेच. कोणाची नोंद होत नाही आणि मधेच निघून गेले तरी झाड काही बोलत नाही.

पहिल्या आवृत्तीत पान उघडल्यावर ‘टिंग’ असा गोड आवाज येत असे. तिसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टरांनी पट्टीची वायर काढून माझ्या हातात दिली. तो आवाज शेजारच्या खोलीतल्या इन्फ्यूजन पंपासारखा, म्हणजे शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रासारखा होता आणि दोन मुली प्रत्येक वेळी धावत जाऊन पंप पाहून येत होत्या. ताण कमी करणाऱ्या साधनाने ताण वाढवला होता. आवाज काढून टाकला आणि तेव्हापासून आमच्या कोणत्याच साधनाला आवाज नसतो.

दुसरी चूक पाण्याची होती. पान उघडेपर्यंत नळ सुरू राहायचा. तापीच्या खोऱ्यात राहूनही आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा एका मावशींनी, ‘ताई, तुमचं झाड लई पाणी पितं’, असे बजावले. त्यानंतर क्रम बदलला. हात ओले करून नळ बंद केल्यावर पान उलगडायला सुरुवात होते, साबण चोळून होईपर्यंत ते उघडते, आणि मग पुन्हा नळ.

गुण, बॅज, महिन्याची सर्वोत्तम परिचारिका असे काही ठेवले तर उत्साह वाढणार नाही का?

सुरुवातीला वाढतो, हे खरे. पुढे काय होते ते पाहिले पाहिजे.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना ‘चित्र काढलेस तर बक्षीस मिळेल’ असे आधी सांगितले; नंतर मोकळ्या वेळेत तीच मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना बक्षिसाची कल्पना नव्हती त्यांची आवड टिकली. आतून येणाऱ्या आवडीला बाहेरून किंमत लावली की आवड उतरते. रुग्णाची सेवा ही गुणांसाठी केलेली गोष्ट झाली, तर नुकसान फक्त परिचारिकेचे होत नाही.

दुसरी बाब पाळतीची. २०११ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील हॉटेलांच्या धुलाईघरात कोणी किती चादरी हाताळल्या याचे आकडे रंगांसह मोठ्या पडद्यावर दाखवले जाऊ लागले. तेथील कामगारांनी त्याला नाव दिले ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’. पडद्याचे रंग अगदी खेळासारखे होते. वॉर्डात असा फलक लागला तर काय होईल ते सांगायला संशोधन नको : जिच्याकडे अत्यवस्थ रुग्ण जास्त, तिचे गुण कमी, जी नोंदी लवकर भरते, ती पहिली. मग नोंदी लवकर भरल्या जातात. त्या खऱ्या असतातच असे नाही.

एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी, ‘निदान चांगल्या मुलींची नावे तरी पडद्यावर येऊ द्या’, असा आग्रह धरला. मी त्यांना विचारले की, घरी गुलाबाईच्या वेळी खाऊ न ओळखणाऱ्या मुलीला ते उपाशी पाठवतात का. ते हसले, आग्रह मात्र सोडला नाही. तेथे काम झाले नाही.

सर्वांनी मिळून एकच गोष्ट घडवायची असेल, उदाहरणार्थ वॉर्डाच्या सामाईक चित्रात भर घालायची असेल, तर हरकत नाही. मोजणी व्यक्तीची नसावी, इतकेच.

कोणत्या वेळी असे साधन पूर्णपणे बंद असले पाहिजे?

औषधे देताना, ओव्हर देता-घेताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, आणि अत्यवस्थ रुग्णाजवळ. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनी ४,२७१ वेळा औषधे दिली, त्यांचे निरीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक वेळा मधेच कोणीतरी व्यत्यय आणला होता, आणि व्यत्यय वाढले तशा चुकाही वाढल्या. तेव्हा ‘सिस्टर, तुमची विश्रांतीची वेळ झाली’ असे सुचवणारी सूचनासुद्धा चुकीच्या क्षणी आली तर धोकादायकच. आमचा नियम असा आहे की साधनाने कधीही हाक मारू नये. परिचारिका त्याच्याकडे जाईल, ते तिच्याकडे येणार नाही.

रात्रपाळीसाठी काही वेगळे करता येते का?

पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही सर्वांत खाली असतात, आणि एकटेपणाही तेव्हाच जाणवतो. त्या वेळी डोळे मिटून श्वास घ्यायला लावणारे साधन दिले, तर सिस्टर झोपेल. येथे थोडी चालना देणारी आणि माणसांची आठवण करून देणारी गोष्ट हवी.

आम्ही गुलाबाईचा डबा चहाच्या खोलीत आणला. संध्याकाळच्या पाळीतली कोणीही वॉर्डातल्या एखाद्या वस्तूचा अगदी जवळून फोटो काढते आणि तो तेथल्या पडद्यावर टाकते. रात्रीच्या पाळीने ओळखायचे. सकाळच्या पाळीला उत्तर दिसते. रुग्णाचा, केसपेपरचा किंवा कोणाच्याही चेहऱ्याचा फोटो चालत नाही. ओव्हरच्या दहा मिनिटांपलीकडे कधीही न भेटणाऱ्या तीन पाळ्या यातून एकमेकींशी बोलू लागल्या.

एका रात्री पडद्यावर काळपट, केसाळ, गोल असे काहीतरी होते. कोणी नारळ म्हणाले, कोणी उंदीर. ते ड्रेसिंग ट्रॉलीचे चाक होते, गॉजच्या धाग्यांनी गच्च गुंडाळलेले. ‘ट्रॉली ओढली जात नाही’ ही तक्रार रजिस्टरात चार महिन्यांपासून लिहिलेली होती. फोटो सगळ्यांनी पाहिल्यावर देखभालीच्या मामांनी त्याच आठवड्यात चारही चाके बदलली.

रात्री पडदा मंद आणि पिवळसर प्रकाशाचा ठेवावा. पाळी संपल्यानंतर घरी जाऊन झोपायचे असते, आणि डोळ्यांवर पडलेला झगमगीत निळसर उजेड ती झोप लांबवतो.

साधनाची भाषा कोणती असावी? अहिराणी चालेल का?

नोंदी, औषधे आणि सूचना यांची भाषा प्रमाण मराठी किंवा नेहमीच्या वापरातील इंग्रजी संज्ञा हीच ठेवावी, कारण तेथे गोंधळ परवडत नाही. विरंगुळ्याच्या जागी मात्र अहिराणी जरूर वापरावी. ‘कृपया दीर्घ श्वास घ्या’ असे लिहिलेला पडदा हा आणखी एक आदेश वाटतो. त्याच जागी ‘कशी शे माय?’ असे दिसले की थकलेला चेहरा हलतो. धुळ्याकडची अहिराणी, रावेर-यावलकडची लेवा बोली आणि नंदुरबारच्या डोंगरातील पावरी यांत पुष्कळ फरक आहे, म्हणून वाक्ये आम्ही लिहीत नाही. त्या वॉर्डातल्या परिचारिकांकडूनच घेतो.

वयाने ज्येष्ठ सिस्टरांना हे जमते का?

जमते. त्यांना न जमणारी गोष्ट म्हणजे पासवर्ड. लॉगिन असेल तर ते काढून टाकावे.

धडगाव-अक्कलकुव्यासारख्या भागात नेटवर्कच नसते, तेथे काय?

तेथे इंटरनेटवर अवलंबून असलेले काहीही नेऊ नये. केळीच्या पानाची पट्टी नेटवर्कशिवाय चालते आणि वीज गेली तर छोट्या बॅटरीवरही काही तास तग धरते. दुर्गम भागात दोन-तीन परिचारिकाच सगळे केंद्र सांभाळतात. त्यांना पडद्यापेक्षा दुसऱ्या केंद्रातल्या मैत्रिणीचा आवाज जास्त हवा असतो. नेटवर्क मिळेल तेव्हा आपोआप जाणारे आणि येणारे आवाजी निरोप, फक्त मैत्रिणींच्या छोट्या गटापुरते, ही तेथे अधिक उपयोगी रचना आहे. नेहमीच्या व्हॉट्सॲप गटात हे साधत नाही, कारण त्या गटात साहेबही असतात.

खर्च किती येतो?

दिव्यांची पट्टी, छोटा पडदा आणि नियंत्रक मिळून आम्हाला एका बेसिनमागे दोन ते अडीच हजार रुपये लागले. चहाच्या खोलीसाठी जुना टॅब पुरतो. पैसा जातो तो वस्तूंवर नाही, तर वॉर्डात बसून निरीक्षण करण्याच्या वेळेवर, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच रकाना नसतो.

जमा होणारी माहिती कोण पाहणार?

शक्यतो माहिती जमाच करू नये, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. ताणाची प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तर ती नावाशिवाय असावी आणि लहान वॉर्डात वय, पद व पाळी एकत्र विचारू नयेत. पाच जणींच्या वॉर्डात ‘वय ५२, रात्रपाळी’ एवढे सांगितले की नाव सांगायची गरज उरत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा केंद्रीय कायदा आहे, आणि व्यवस्थापनाला तो दाखवून लेखी घेता येते की ही माहिती बदली, गोपनीय अहवाल किंवा पाळी ठरवण्यासाठी वापरली जाणार नाही. तसे लिहून द्यायला नकार मिळाला, तर साधन बसवू नये.

ताण खरोखर कमी झाला हे कसे मोजायचे?

शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेल्या ताणाच्या मापनश्रेणीची दहा प्रश्नांची आवृत्ती यासाठी सोयीची आहे. ती गेल्या महिन्याविषयी विचारते आणि तिचे गुण ० ते ४० या दरम्यान येतात. बर्नआउटसाठी ख्रिस्तीना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांची १९८१ मधील २२ विधानांची प्रश्नावली वापरतात. साधन बसवण्यापूर्वी, नंतर सहा आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी मोजावे. फक्त सहा आठवड्यांचे आकडे दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मार्चमध्ये सुरू करून मे महिन्यात मोजले, तर उन्हाचा ताण साधनाच्या नावावर जमा होतो, हेही विसरू नये.

आकड्यांच्या जोडीला आम्ही एक साधी गोष्ट पाहतो. आम्ही न सांगता परिचारिकांनी साधनात काही बदल केला का? एका वॉर्डात केळीच्या झाडाला पेनाने डोळे काढले गेले. ते आम्ही पुसले नाहीत.

एखादी सहकारी ताणाच्या पलीकडे गेली आहे असे वाटले तर?

तेथे खेळकर रचनेचे काम संपते. सलग झोप न लागणे, रडू न आवरणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. मानसोपचार विभागाची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. ताणाचे मूळ मारहाणीत किंवा धमकीत असेल, तर तो तक्रारीचा विषय आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे आणि त्यात परिचारिकांचाही समावेश होतो.

सुरुवात कोठून करावी?

एका वॉर्डातून, आणि तेथल्या इनचार्ज सिस्टरांच्या परवानगीपासून. त्या नको म्हणाल्या तर वरून आदेश आणू नये. नंतर तिन्ही पाळ्यांत प्रत्येकी किमान दोन दिवस नुसते बसावे आणि कोठे थांबायला जागा आहे, कोठे नाही, ते पाहावे. परिचारिकांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की ‘स्टाफ द्या’ हे उत्तर येते, आणि ते बरोबरच आहे. ते लिहून घेऊन व्यवस्थापनाला द्यावे. मग विचारावे की, आज ड्यूटीत कोणत्या क्षणी सर्वांत जास्त वैताग आला. या प्रश्नाला मात्र दर वेळी नवे उत्तर मिळते : चावी सापडली नाही, पेन कोणीतरी नेले, बेल वाजली आणि कोणत्या खाटेची ते कळले नाही. काम तेथूनच सुरू होते.

नातेवाईक पाहतील तेव्हा काय म्हणतील?

आम्हालाही ही भीती होती. बेसिनवरची पट्टी लावल्यानंतर चोपड्याकडच्या एका आजोबांनी, सून आत असताना, बराच वेळ ते पान पाहिले. मग सिस्टरला विचारले, ‘हे ग्रँड नैन आहे का?’ केळीचे वाण ओळखण्याइतके आमचे चित्र चांगले नव्हते. सिस्टर म्हणाली, ‘आजोबा, हे हात धुवायचं वाण आहे.’ आजोबांनी बाह्या सरसावल्या आणि पान पूर्ण उघडेपर्यंत हात धुतले.